काळ्या वाळवंटातली एकशे बेचाळीस पावलं

निशी-कसाई, टोकियो
रविवार, १४ नोव्हेंबर २००४

तीर्थस्वरूप हेमचंद्रमामा आणि रेखामामी यांना भाचा यतीन याचा, टोकियोच्या थंडीत कुडकुडत पण पुरेसा वाकून केलेला नमस्कार.

मामा, तुमचा गुडघा काय म्हणतो? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतंत की जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, आणि डॉक्टरांनी त्यावर 'मग उतरू नका' असा सल्ला दिला. असे डॉक्टर चिंचवडला अजून आहेत हे वाचून बरं वाटलं. इथले डॉक्टर आधी चार पानी फॉर्म भरून घेतात, आणि तो भरून होईपर्यंत गुडघा आपोआप बरा होतो. मामींचं बी.पी., त्यांचं भजनी मंडळ, जयेशचं प्रमोशन, सगळं ठीक असेलच. फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या कस्टमवाल्यांनी उघडून पाहिल्या असाव्यात, कारण खोक्याला नवी चिकटपट्टी होती आणि नऊ चकल्या एका रांगेत, आकारानुसार लावून ठेवलेल्या होत्या. मामींनी विणलेला स्वेटरही मिळाला. त्याच्या रंगाबद्दल पुढे लिहितो, कारण या प्रकरणात त्याची साक्ष फार महत्त्वाची ठरली. आता तुम्ही विचाराल, एवढं ई-मेल असताना हा पोस्टाचा खटाटोप कशाला? तर मामा, तुमचा ई-मेल जयेशच्या ऑफिसात उघडतो, जयेश त्याचा प्रिंट काढतो, तो प्रिंट तुमच्या जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीखाली तीन दिवस राहतो, आणि चौथ्या दिवशी आईचा मला फोन येतो. या पत्राचं तसं होऊ नये. (मामींनी वाचलं तर चालेल. आईने इतक्यात वाचलं तर चालणार नाही.)

मुद्दा फोटोचा. नाशिकच्या मंडळींनी माझा पहिला फोटो परत पाठवला, हे तुम्ही इतक्या हळुवारपणे कळवलंत की मला ते दुसऱ्या वाचनात कळलं. तो फोटो व्हिसासाठी काढलेला होता. स्टेशनबाहेर फोटोची एक पेटी असते, तिच्यात स्टुलावर बसायचं, हनुवटी वर करायची आणि हसायचं नाही. तेव्हा 'मुलगा नुकताच आजारातून उठलाय का?' असं मुलीच्या वडिलांनी विचारलं, यात त्यांची काही चूक नाही. मुलगी, म्हणजे प्रणिता, एम.सी.ए. झालेली, गाणं शिकलेली, आणि तुमच्या शब्दांत 'हातचं घालवावं असं स्थळ नाही'. नोव्हेंबर संपायच्या आत चांगला फोटो गेला नाही, तर ते लोक सिंगापूरच्या मुलाचं बघणार. म्हणजे माझी तीस वर्षांची जिंदगी, इंजिनिअरिंगची डिग्री आणि जपानी भाषेच्या तीन परीक्षा एका बाजूला, आणि चार बाय सहाचा एक कागद दुसऱ्या बाजूला. त्या कागदासाठी तुम्ही अकरा सूचना पाठवल्यात. पूर्ण उंची दिसावी. पार्श्वभूमीला निसर्ग असावा, पण त्याने मुलाला झाकू नये. ऊन सकाळचं, पहिल्या दहा मिनिटांतलं, कारण त्यात सावळा माणूस गहूवर्णी दिसतो. (इथे मी तुमच्याकडून हे अपेक्षित नव्हतं असं लिहिणार होतो, पण अपेक्षित होतं.) मागे दुसरी मंडळी नकोत. आणि शेवटी तुमचं ते ब्रह्मवाक्य: माणसाशिवाय निसर्गाचा फोटो म्हणजे मिठाशिवाय आमटी. मामा, तुमचे फोटो बघत मी लहानाचा मोठा झालो. तुमच्या महाबळेश्वरच्या आल्बममध्ये महाबळेश्वर शोधावं लागतं. सगळीकडे मामी पर्स धरून उभ्या आहेत, आणि त्यांच्या कानामागून जी हिरवी कड डोकावते तो सह्याद्री.

आता योगायोग बघा. आमच्या ऑफिसात फोटोग्राफीचं एक मंडळ आहे आणि त्याचे अध्यक्ष ओकुदा-सान, म्हणजे माझे साहेब. माझं कंत्राट मार्चमध्ये वाढवायचं की मला सामानासकट पुण्याला रवाना करायचं, हे त्यांच्या शिक्क्यावर ठरतं. (इथे सही नसते, करंगळीएवढा गोल शिक्का असतो. तो शिक्का मारताना ते श्वास रोखून धरतात.) ओकुदा-सानची फोटोविषयीची मतं तुमच्या बरोब्बर उलट: चित्रात माणूस आला की निसर्ग बाटला. तुम्ही दोघं एका खोलीत भेटलात तर मला ती खोली बाहेरून बघायला आवडेल. तर इथे शरद ऋतू आला की अख्खा देश लाल पानांचे फोटो काढायला डोंगरात जातो. ओकुदा-सानना ते पसंत नाही. लाल पानं म्हणे कॅलेंडरवाल्यांसाठी. ते मंडळाला घेऊन इझु ओशिमा नावाच्या बेटावर जातात. तिथे एक जिवंत ज्वालामुखी आहे, आणि त्याच्या पाठीमागे काळ्याकुट्ट वाळूचं चक्क वाळवंट. पावसाच्या लोंढ्यांनी त्याला चिरून खोल घळी पाडलेल्या, घळींच्या भिंतींवर राखेचे थर एकावर एक, आणि कडेला पिकल्या गवताचे पांढरे तुरे. 'वाळवंट, दऱ्या, पहाटेचं ऊन, येणार का?' असं साहेबांनी विचारल्यावर माझ्या डोळ्यांपुढे तुमच्या अकरा सूचना उभ्या राहिल्या आणि मी एवढ्या जोरात 'हाय!' (म्हणजे हो) म्हणालो की शेजारच्या टेबलावरचा माणूसही उठून उभा राहिला.

आमच्या तुकडीत नऊ जपानी होते, सरासरी वय साठच्या घरात. भारतीय माझ्याखेरीज एकच, अक्षया. ती मिरजेची, माझ्याच प्रोजेक्टवर आहे, टोकियोतच ओजिमाला राहते. तिला सहा वर्षांची एक मुलगी आहे, वृंदा. मुलीला मराठी कळतं, पण उत्तर जपानीत येतं. घरी ठेवायला कोणी नाही म्हणून तिला बरोबर आणली होती. हे सगळं केवळ माहितीसाठी लिहितो. माझा कॅमेरा कोणीतरी धरायला हवा होता, म्हणून अक्षयाचा उल्लेख आला, नाहीतर आला नसता.

निघण्यापूर्वी प्रत्येकाला सोळा पानांची एक पुस्तिका मिळाली. मामा, आपल्याकडे सहल म्हणजे 'सातला निघू' असं ठरवून साडेनवाला कोणीतरी इस्त्री शोधतं. इथे पुस्तिकेत '४:१० उठणे, ४:१३ गादीची घडी, ४:२५ बूट' असं छापलेलं होतं. ज्वालामुखी फुटला तर कोणी कोणाच्या मागे पळायचं याची आकृती होती. केळ्याचं साल आपापल्या पिशवीतून टोकियोला परत न्यायचं, असंही होतं. (नेलं. जेट बोटीत माझ्याशेजारी कोणी बसलं नाही.) आणि पान नऊवर जाड अक्षरांत नियम: वाळूवर एका ठिकाणी लाल दोरी बांधलेली असेल, सहा चाळीसपर्यंत दोरीच्या पुढे कोणीही पाऊल टाकू नये. वाळू अस्पर्श राहिली पाहिजे. हा नियम मला वाचता आला नाही, असं मी नंतर सांगून बघितलं. पण प्रत्येक पानाखाली 'वाचले' म्हणून माझा शिक्का होता. शिवाय अक्षयाने तो मला बोटीत मराठीत समजावून सांगितला होता, दोनदा. दुसऱ्यांदा सांगताना मला दशमी आणि लसणाची चटणीही दिली होती. (दशम्या उत्तम होत्या. सहज सांगितलं.)

गेल्या रविवारी पहाटे आम्ही टॉर्च लावून, मुंग्यांसारखे एका रांगेत, वाळवंटाच्या कडेला पोचलो. लाल दोरी खरोखरच बांधलेली होती. ओकुदा-सान आदल्या दिवशी चारला येऊन बांधून गेले होते. दोरीमागे जपानी मंडळींच्या नऊ तिपाया उभ्या राहिल्या, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, आणि टोकाला अक्षयाची दहावी. नऊही कॅमेऱ्यांची तोंडं एकाच घळीकडे. मग सुरू झालं ते मौन. कोणी बोलेना, खोकेना, थर्मासचं झाकणसुद्धा पिळून पिळून हळू उघडत होते. मला कळेना, हा छंद आहे की चातुर्मास? नऊ माणसं, नऊ कॅमेरे, आणि निघणार फोटो नऊच्या नऊ एकसारखे. मग एकालाच पाठवून आठ प्रती का काढत नाहीत, असा प्रश्न माझ्या मनात आला. तो मी अक्षयाला कानात विचारला, आणि ती अशी हसली की तिला मफलर तोंडात कोंबावा लागला. तिचा स्वतःचा कॅमेरा चांगलाच आहे, आणि फोटो तर तुमच्यापेक्षा बरे काढते. (रागावू नका. महाबळेश्वर आठवा.) त्या सूर्योदयासाठी ती तीन महिने तयारी करत होती, कोणती काच, किती उजेड, वहीत लिहून. सहा वाजता पूर्व उजळली. काळी वाळू आधी निळी झाली, मग जांभळी, आणि घळींच्या भिंतींवरचे थर एकेक करून दिसायला लागले. मामा, खरंच सांगतो, क्षणभर मी फोटोही विसरलो. आणि तेवढ्यात आठवली तुमची सूचना क्रमांक चार: पहिली दहा मिनिटं. सहा चाळीसला ते ऊन राहणार नव्हतं. नाशिक राहणार नव्हतं. सिंगापूरचा मुलगा उरणार होता.

म्हणून मी तुम्ही दिलेला तो जुना रोलचा कॅमेरा अक्षयाच्या हातात दिला. रोलमधला एकच फोटो उरला होता. तिने माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, स्वतःच्या तिपाईवरच्या कॅमेऱ्यावर झाकण बसवलं आणि म्हणाली, "जा, पण उजवीकडून जा, घळीच्या आतून. त्यांच्या फोटोत येऊ नकोस." बेत उत्तम होता. मी दोरी ओलांडली, घळीत उतरलो, वाकून चाललो, आणि पलीकडच्या काठावर चढलो. आता माझा अंदाज असा होता की मी सगळ्या कॅमेऱ्यांच्या बराच उजवीकडे आलो आहे. पण घळ आतून वळते, हे घळीत शिरल्याशिवाय कसं कळणार? वर डोकं काढलं तर मी बरोब्बर मध्यभागी. नऊ भिंगं माझ्याकडे रोखलेली. अंगात मामींचा शेंदरी स्वेटर. आपल्याकडे या रंगाचा फक्त मारुती असतो. शहाण्या माणसाने तिथेच खाली बुडी मारली असती. मी मात्र विचार केला, आलोच आहे तर उंचवट्यावर पूर्ण निसर्ग दिसेल असा उभा राहतो, आणि चालायला लागलो. पुढे, आणखी पुढे, उतारावरच्या त्या कोऱ्या करकरीत वाळूवरून. थांबलो, वळलो, चेहरा जरा तिरका केला, आणि नेमका तेव्हा समुद्रातून सूर्य वर आला. सगळं वाळवंट सोन्याचं झालं. आणि त्या सोन्याच्या मधोमध, घळीपासून माझ्या बुटांपर्यंत, माझी पावलं. एकशे बेचाळीस. (आकडा माझा नाही. ओकुदा-साननी तिथल्या तिथे भिंगातून मोजला.)

एक तरी शटर वाजावं की नाही? नाही. शिवी नाही, हाक नाही, चुकचुकणंसुद्धा नाही. चिंचवडला असतो तर एव्हाना 'ए शहाण्या, बाजूला हो!' असं दहा जण ओरडले असते, एकाने माझा बाप काढला असता, आणि पाच मिनिटांनी सगळ्यांनी मिळून चहा प्यायला असता. इथे नऊ वडीलधारी माणसं पुतळ्यासारखी उभी. बोलली ती फक्त वृंदा. दोरीच्या आत, टाचा जुळवून, खणखणीत आवाजात ती ओरडली, "यतीन-सान! आशिआतो!" म्हणजे पाऊलखुणा. अख्ख्या वाळवंटाला ऐकू गेलं. मग मला जी अवदसा आठवली, तिला तोड नाही. मी विचार केला, पुसूनच टाकू! बिघडलेली रांगोळी जशी हाताने सारखी करतात, तशी मी बुटाने वाळू सारवत परत यायला लागलो. जाताना निदान पावलांची ओळ होती. येताना पालखी गेल्यासारखा रस्ता झाला. दोरीपाशी पोचलो तेव्हा सात वाजले होते आणि ऊन सपाट झालं होतं. मी कमरेत जितका वाकता येईल तितका वाकलो. ओकुदा-सान म्हणाले, "आज उजेड छान होता, नाही का?" आणि तिपाई घडी करायला लागले. मामा, त्यांनी मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी उपकार मानले असते. परतीच्या बोटीत प्रत्येकाने मला एकेक भाताचा गोळा आणून दिला. नऊ गोळे. प्रत्येकात खारवलेलं आंबट फळ. रडू आलं ते आंबटामुळेच, असं मी समजतो.

सोमवारी टेबलावर फॉर्म होता. आमच्याकडे एखादा प्रोग्राम बिघडला की हा फॉर्म भरावा लागतो. काय बिघडलं, नुकसान किती (इथे एकशे बेचाळीस), आणि मग एकाखाली एक पाच चौकोन, प्रत्येकात एकच शब्द: का? पहिल्या 'का'चं उत्तर दिलं की त्या उत्तराला पुन्हा 'का', असं पाच वेळा खणत जायचं, म्हणजे शेवटी रोगाचं मूळ हाताला लागतं. ओकुदा-सान अत्यंत मायेने म्हणाले, ही शिक्षा नव्हे, पुन्हा घडू नये म्हणून आहे, बुधवारपर्यंत द्या. माझं जपानी फॉर्मपुरतं पुरत नाही, त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत मी मराठीत सांगायचं आणि अक्षयाने जपानीत लिहायचं, असं ठरलं. पहिला का: वाळू का बिघडली? संबंधित कर्मचारी तिच्यावरून चालला म्हणून. दुसरा का: सहा चाळीसच्या आधी का चालला? त्याचे मामा, हेमचंद्र-सान, वय अडुसष्ट, यांची पहिल्या उन्हाविषयी लेखी सूचना होती म्हणून. तिसरा का: हेमचंद्र-साननी अशी सूचना का दिली? नाशिक नावाच्या शहरातून आधीचा माल नापसंत होऊन परत आला म्हणून. तेव्हा मामा, अभिनंदन. एका जपानी कंपनीच्या कायमच्या दप्तरात तुमचं नाव बिघाडाचं कारण म्हणून नोंदलं गेलं आहे, आणि समोर कंसात 'परदेशी सल्लागार' असं लिहिलं आहे. चौथ्या आणि पाचव्या 'का'ची उत्तरं तांत्रिक स्वरूपाची असून त्यात तुमचा वेळ घेत नाही. ओकुदा-साननी बुधवारी फॉर्म वाचला, श्वास रोखला, शिक्का मारला. एवढीच हकिकत.

तर लेखणी इथे आवरतो. थोरांच्या पाया पडतो, जयेशला लांबूनच एक टपली मारतो, मामींच्या बी.पी.ला शांत राहायची विनंती करतो, आणि अपराधांची क्षमा एकगठ्ठा मागून घेतो.

तुमचा आज्ञाधारक (अकरापैकी नऊ सूचनांपुरता) भाचा,
यतीन

ता. क. : फोटो सोबत आहे. पूर्ण उंची आहे, निसर्ग आहे, ऊन पहिल्या दहा मिनिटांतलं आहे, मागे दुसरं कोणी नाही. मी कुठे आहे असं विचाराल, तर उजवीकडच्या घळीच्या वर तिळाएवढा शेंदरी ठिपका दिसतो, तो मी. नाशिकला पाठवायचा झाला तर सोबत भिंग द्यावं लागेल. पाठवू नका, असं सुचवतो. रोल छत्तीसचा होता, मग बाकीचे पस्तीस कुठे, हे तुम्ही विचारणारच. ते उन्हाळ्यापासून काढलेले आहेत. ते मी ठेवून घेतले आहेत, कारण त्यांत निसर्ग फारच कमी आहे. सगळीकडे तीच दोन माणसं मध्ये उभी आहेत. तुम्हाला आवडले असते.

ता. क. २ : चौथ्या 'का'बद्दल मी वर खोटं लिहिलं. त्यात तांत्रिक काही नव्हतं. चौथा का होता: फोटोला वीस पावलं पुरली असती, तर कर्मचारी एकशे बेचाळीस का चालला? मी म्हणालो, पूर्ण निसर्ग दिसावा म्हणून. अक्षयाने पेन खाली ठेवलं. म्हणाली, "हे उत्तर ओकुदा-सान परत पाठवतील. खरं सांग." मग मी सांगितलं. चेहरा ओळखू येऊ नये म्हणून. पाचवा का: चेहरा ओळखू का येऊ नये? मामा, त्या क्षणापर्यंत मलाही नीट माहीत नव्हतं, देवाशप्पथ. मी म्हणालो, "कारण ओळखू आला असता तर नाशिकला पसंत पडला असता. आणि मला नाशिक नको. कॅमेऱ्यामागे जी उभी होती, स्वतःचा सूर्योदय झाकून, ती हवी आहे." तिने पेन पुन्हा उचललं. मग म्हणाली, "हे जपानीत कसं लिहायचं मला येत नाही." पण काहीतरी लिहिलं. काय, ते मला वाचता येत नाही, आणि ती सांगत नाही. ओकुदा-साननी मात्र ते वाचून चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं, आणि 'उपाययोजना' या रकान्यात स्वतःच्या हाताने लिहिलं: जबाबदारी, यतीन-सान. मुदत, वर्षअखेर.

ता. क. ३ : आता थट्टा पुरे. मामा, अक्षयाचा घटस्फोट तीन वर्षांपूर्वी झाला. ती माझ्याहून दोन वर्षांनी मोठी आहे. मुलीचं तर सांगितलंच. आई आधी रडेल, मग वय विचारेल, मग पुन्हा रडेल. तिला समजावणं मला जमत नाही, बाबांना तीस वर्षांत जमलं नाही. तिचं पटतं ते एकट्या तुमचं. आणि अक्षयाने मला 'हो' म्हटलेलं नाही. ती म्हणाली, "पहिल्या खेपेला सासरच्यांनी मला सांभाळून घेतलं, रोज बोलून दाखवत. आता मला कोणी सांभाळून घ्यायला नको. तुझ्या घरातलं एक तरी माणूस आपण होऊन 'ये' म्हणू दे. मग बोलू." ते एक माणूस कोण, याचा मी चार दिवस विचार केला. दुसरं नाव सुचलं नाही. नाशिकच्या मंडळींना तुम्ही शब्द दिला होता, तो माझ्यापायी खाली पडतोय, याचं मला खरंच वाईट वाटतं. प्रणिताला माझ्याहून बरा मुलगा मिळेल. सिंगापूरचा बघू दे. तो फोटोत हसत असेल. पण मला ती आवडते, मामा. दोघीही आवडतात. आणि मला फार भीती वाटते आहे.

ता. क. ४ : रविवारी, २८ तारखेला, तुमच्या सकाळी नऊ वाजता फोटोच्या मागे लिहिलेल्या नंबरवर फोन करा. तो नंबर माझा नाही, ओजिमाचा आहे. त्या घरात फोन वृंदा उचलते, दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. ती 'मोशी मोशी' म्हणेल. राँग नंबर समजून ठेवून देऊ नका. तुम्ही 'यतीनचा मामा बोलतोय' म्हणालात, तर मला उत्तर कळेल. मी काही विचारणार नाही आणि रागही धरणार नाही. पण 'आजोबा बोलतोय' म्हणालात, तर मग माझ्याशी बोलायची गरज नाही. फोन तिच्या आईकडे द्यायला सांगा.